घरात रास्पबेरी पाय घ्यावा का? तुम्ही नक्की कशासाठी वापरता?

नववी_गल्ली

नमस्कार मंडळी,

रास्पबेरी पाय हे नाव बरीच वर्षं ऐकतोय. एटीएम कार्डाएवढा बोर्ड, त्याच्यावरच प्रोसेसर, रॅम, यूएसबी, एचडीएमआय, वायफाय, हार्डडिस्कच्या जागी मेमरी कार्ड, आणि त्यावर विंडोजऐवजी लिनक्स चालतं. इथवर समजलंय. घरात त्याचा रोजचा उपयोग काय, ते समजत नाही. व्हिडिओ बघावेत तर कुणी रोबो पळवतंय, कुणी जुने गेम खेळतंय. मला त्यातलं काही नको.

घरची गरज सांगतो. बाबांकडे जुन्या कॅसेटींची पेटी आहे. भजनं, नाट्यसंगीत, शिवाय आजोबांच्या आवाजातली काही रेकॉर्डिंग. टेप कुरकुरायला लागलाय. मुलगी आठवीत आहे, मराठी माध्यमात, तिला प्रोग्रॅमिंग शिकायचंय. गच्चीवरची टाकी भरून वाहते आणि खालच्या मजल्यावरच्या वहिनी हाक मारेपर्यंत कुणाला पत्ता नसतो. चौथं म्हणजे सगळ्यांच्या मोबाइलमधले फोटो एका जागी ठेवायचेत.

माझं मत आधीच सांगतो. घरात एक कमी वीज खाणारा, कायम चालू राहणारा आणि आपल्या ताब्यातला छोटा कॉम्प्युटर असावा, असं मला मनापासून वाटतं. आपले फोटो आणि आपल्या आजोबांचा आवाज दुसऱ्या कुणाच्या सर्व्हरवर त्याच्या अटींवर राहू नये. पण मी पेशाने हिशेबनीस. सोल्डरिंग येत नाही. ज्यांच्या घरात हा बोर्ड खरोखर चालतोय त्यांनी लिहा.

उद्यमनगरी

आधी काम ठरवा, मग बोर्ड घ्या. उलटं केलं की बोर्ड कपाटात जाऊन बसतो. चारपैकी सगळ्यात आधी कुठलं पाहिजे?

बांधावरचा

टाकीसाठी कॉम्प्युटर? भावा, फ्लोट स्विच लाव की. पाणी वर आलं की गोळा तरंगतोय, मोटर बंद. आमच्याकडं कैक वर्षं तेच चाललंय. वायफाय नको, पासवर्ड नको.

सर्किटवाले_काका

बांधावरच्यांशी शंभर टक्के सहमत. ज्यांना तरीही टाकी मोबाइलवर बघायचीच आहे, त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहितो. यात धोका आहे आणि व्हिडिओवाले तो सांगत नाहीत.

पायला सेन्सर वगैरे जोडायला चाळीस पिना आहेत, त्यातल्या सिग्नलच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. पाण्याची पातळी मोजायला सगळे जण एचसी-एसआर०४ हा आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर वापरतात. तो ५ व्होल्टवर चालतो आणि त्याच्या इको पिनमधून ५ व्होल्टच बाहेर येतात. ते थेट पायला जोडले तर पिन जाते, कधी कधी अख्खा बोर्ड जातो. मध्ये दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज उतरवावं लागतं. शिवाय टाकीतल्या वाफेने हा उघडा सेन्सर गंजतो. जेएसएन-एसआर०४टी नावाचा जलरोधक प्रकार मिळतो, पण त्याला वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आतलं अंतर मोजता येत नाही. म्हणजे टाकी काठोकाठ भरल्यावरच तो गोंधळणार. तेव्हा तो झाकणाच्या वर उचलून बसवा.

आता मोटर. एक हॉर्सपॉवरची मोटर चालताना पाच-सात अँपिअर घेते आणि सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट ओढते. पायच्या इशाऱ्याने चालू-बंद होणाऱ्या निळ्या छोट्या रिलेवर १० अँपिअर लिहिलेलं असतं म्हणून त्यातून थेट मोटर फिरवायला जाऊ नका. रिलेचे संपर्क वितळून एकमेकांना चिकटले की मोटर बंदच होणार नाही. रिलेने काँटॅक्टरची, म्हणजे मोटरसाठीच्या दणकट स्विचची, कॉइल ओढायची आणि मोटर काँटॅक्टरवर घ्यायची. हे काम वायरमनकडून करून घ्या.

आणि या एवढ्याशा कामाला अख्खं लिनक्स कशाला? ईएसपी३२ हा साधा छोटा बोर्ड घ्या. पायच्या कितीतरी कमी किमतीत येतो, वायफाय आतच असतं, आणि वीज गेली-आली तरी क्षणात पुन्हा कामाला लागतो.

नववी_गल्ली

काका, मनापासून आभार. टाकीचं काम फ्लोट स्विचवर सोडलं. उद्यमनगरी, पहिलं काम कॅसेटी. बाबा ऐंशीच्या पुढे आहेत.

कट_वेगळा_द्या

माझ्याकडे पायचा छोटा प्रकार, पाय झीरो २ डब्ल्यू, राउटरच्या मागे चिकटवून ठेवलाय. बबलगमच्या पाकिटाएवढा. त्यावर फक्त पाय-होल हे जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअर चालतं आणि घरातलं माझं सगळ्यात आवडतं यंत्र तेच आहे.

मोबाइलमधलं कुठलंही ॲप जाहिरात मागवायला आधी त्या जाहिरातीच्या सर्व्हरचा पत्ता विचारतं. घरातले असे सगळे प्रश्न पाय-होलकडे येतात. पत्ता जाहिरातवाल्यांच्या यादीत सापडला की ते खरा पत्ता देतच नाही. त्यामुळे प्रत्येक मोबाइलवर वेगळं काही टाकावं लागत नाही. आई वर्तमानपत्राच्या साइटवर बातमी वाचते तेव्हा आता बातमीच दिसते. शिवाय घरातलं कुठलं उपकरण रात्री कुणाशी बोलतं ते यादीत दिसतं. आमचा टीव्ही बंद असतानासुद्धा किती वेळा बाहेर हाका मारतो ते बघून मी थक्क झालो.

शाहूपुरी_पाचवी

यूट्यूबच्या जाहिराती जातात का?

कट_वेगळा_द्या

नाही. त्या व्हिडिओच्याच सर्व्हरवरून येतात. तो पत्ता अडवला तर व्हिडिओही जाईल. आणखी एक, हा बोर्ड बंद पडला तर अख्ख्या घराचं इंटरनेट थांबल्यासारखं होतं. घरातल्या निदान एकाला तरी तो बंद-चालू करता आला पाहिजे. राउटरमध्ये पाय-होलच्या जोडीला पत्ते सांगणारा दुसरा सर्व्हर भरून ठेवायचा मोह आवरा, कारण मोबाइल दोन्हीकडे विचारत राहतात आणि जाहिराती मागच्या दाराने परत येतात.

शाहूपुरी_पाचवी

मग आमच्यात तो मानाचा गणपतीच होणार. कुणी हात लावायचा नाही.

पुण्यात_अडकलेला

मी थोडं विरुद्ध बाजूने लिहितो.

हा बोर्ड २०१२ साली ३५ डॉलरला आला तेव्हा तो स्वस्त होता याबद्दल वाद नाही. आज नुसत्या बोर्डाची किंमत बघू नका. चांगला ॲडॅप्टर, मेमरी कार्ड, केस, हीटसिंक, मायक्रो एचडीएमआयची केबल हे सगळं धरा. मेमरी चिप महागल्यामुळे अलीकडे जास्त रॅमच्या बोर्डांच्या किमतीही चढल्यात. तेवढ्याच पैशांत कंपन्यांनी बदलून टाकलेले छोटे ऑफिस पीसी मिळतात. त्यात खरी एसएसडी (न फिरणारी, चिपांची वेगवान डिस्क) बसते, प्रोसेसर जोरकस असतो आणि व्हिडिओचं रूपांतर हार्डवेअरमध्ये होतं. त्याहून सोपं म्हणजे घरातला जुना लॅपटॉप. त्याची बॅटरी हाच त्याचा यूपीएस.

फोटो साठवायचे तर मी पाय घेणार नाही.

उद्यमनगरी

@पुण्यात_अडकलेला, मुद्दा बरोबर आहे पण विजेचा हिशेब राहिला. पाय ४ शांत बसलेला असताना साधारण तीन वॅट घेतो, काम करताना सहा-सात. सरासरी पाच धरली तर महिन्याला साडेतीन युनिट. जुना डेस्कटॉप साठ वॅट घेत असेल तर महिन्याला त्रेचाळीस. छोटे ऑफिस पीसी या दोन्हींच्या मधे कुठेतरी. वर्षानुवर्षं चालू ठेवायच्या यंत्रात हा फरक बोर्डाची किंमत वसूल करतो. लॅपटॉपबद्दल एक सावधगिरी: कायम चार्जिंगला लावलेली जुनी बॅटरी फुगते. महिन्यातून एकदा उलटा करून बघत जा.

पुण्यात_अडकलेला

विजेचं मान्य. डेस्कटॉपचा सल्ला मी कुणालाही देणार नाही.

खडूफळा

मी शाळेत शिकवते. मुलीबद्दल लिहिलंय म्हणून माझा प्रतिसाद.

हा बोर्ड मुळात मुलांसाठीच जन्माला आला. केंब्रिज विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सला अर्ज करणारी मुलं कमी होत चालली होती. जी येत त्यांनी घरी कधी प्रोग्रॅम लिहिलेला नसायचा. आधीच्या पिढीकडे बीबीसी मायक्रोसारखी यंत्रं होती, चालू केलं की थेट प्रोग्रॅम लिहिता येई. पुढच्या पिढीच्या हातात आले गेमचे डबे आणि महाग पीसी, ज्याला हात लावायला घरचे घाबरत. एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मुलांनी बिनधास्त मोडावा-जोडावा असा कॉम्प्युटर हवा होता. २००९ साली त्यासाठी धर्मादाय संस्था उभी राहिली आणि २९ फेब्रुवारी २०१२ ला पहिला बोर्ड विक्रीला आला. २५६ एमबी रॅम, ७०० मेगाहर्ट्झचा एक गाभ्याचा प्रोसेसर. त्या दिवशी विक्रेत्यांच्या साइट गर्दीने कोलमडल्या. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये पाच डॉलरचा झीरो आला तेव्हा तर तो मासिकाच्या मुखपृष्ठावर चिकटवून वाटला. कॉम्प्युटर फुकट भेट म्हणून मासिकाबरोबर! मला आजही त्याचं अप्रूप वाटतं.

मराठी माध्यमाच्या मुलीसाठी मुद्दाम सांगते. पायथन ३ या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत चलांची नावं देवनागरीत ठेवता येतात. म्हणजे

पाणी_पातळी = 39

असं लिहिलं तर पायथन ते बिनतक्रार चालवतं. कोडमध्ये आकडा मात्र इंग्रजी अंकांतच लिहावा लागतो. पण वापरणाऱ्याने मराठी अंक टाइप केले तर पूर्णांकात बदलणारं फंक्शन ते ओळखतं, ३९ चा ३९ च घेतं. वर्गात हे दाखवलं की मुलांचे चेहरे बदलतात. प्रोग्रॅमिंगची भीती अर्धी इंग्रजीची असते आणि ती अशी पहिल्याच तासाला उतरते. मूळ शब्द, म्हणजे इफ, फॉर, प्रिंट वगैरे, इंग्रजीच राहतात, पण ते मोजके आहेत.

पडद्यावर मराठी अक्षरं चौकोनी दिसली तर लोहित किंवा नोटो हे देवनागरी फाँट टाकून घ्या, दोन्ही मोफत आहेत.

आणि पहिल्या दिवशी रोबो नको. एक एलईडी, एक रेझिस्टर, एक बटण. आपण लिहिलेल्या ओळीने समोरचा दिवा लागतो, हे तिला स्वतःला करू द्या. तुम्ही शेजारी बसा, पण हात लावू नका.

भवानी_मंडप

खडूफळा ताई, हे देवनागरीचं मला ठाऊक नव्हतं. आत्ताच करून बघितलो, चाललं! पोराला दाखवतो म्हणजे उद्यापासून माझा लॅपटॉप माझा राहणार नाही.

ताई, पोरगा सहावीत आहे. पाय घेऊ का पिको?

खडूफळा

पिको हा पूर्ण कॉम्प्युटर नाही, मायक्रोकंट्रोलर आहे, म्हणजे आपण दिलेला एकच प्रोग्रॅम चालवणारी चिप. २०२१ साली चार डॉलरला आला. त्याला स्क्रीन-कीबोर्ड थेट जोडता येत नाहीत. तुमच्या लॅपटॉपवर मायक्रोपायथन (अशा चिपसाठीचं छोटं पायथन) लिहायचं आणि त्यात पाठवायचं. घरात लॅपटॉप असेल तर सुरुवात पिकोने करा, चुकीची वायर लागून गेला तरी जीव हळहळत नाही. मुलाला स्वतःचा वेगळा कॉम्प्युटरच द्यायचा असेल तर पाय ४००, कीबोर्डच्या आतच बोर्ड असलेला. टीव्हीला जोडला की झालं.

गंगावेस

अवांतर होईल, पण कोल्हापूरचा धागा आहे म्हणून विचारतो. २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये पाणी आलं. रात्री कळायला उशीर झाला की गाड्या अडकतात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, हे आता लहान पोरालाही पाठ आहे. पण नदीची पातळी आणि आमच्या गल्लीतलं पाणी यांचा मेळ दरवेळी तसाच बसतो असं नाही. ड्रेनेजमधून उलटं पाणी येतं ते वेगळंच. पार्किंगच्या खालच्या कोपऱ्यात पाय लावून भोंगा वाजवता येईल का?

सर्किटवाले_काका

येईल, पण मी पाय वापरणार नाही. पूर येणार म्हटलं की आधी लाईट जाते, मग राउटर जातो, मग मोबाइलचा टॉवर दमतो. म्हणजे वीज आणि इंटरनेट लागणारं यंत्र नेमकं त्याच रात्री मुकं होणार. तुम्हाला हवं ते इतकं साधं पाहिजे की बिघडायला जागाच नको. सहा इंचांवर एक फ्लोट स्विच, बारा व्होल्टची बॅटरी, आणि भोंगा जिन्याच्या वरच्या मजल्यावर. एवढंच. दुसरा स्विच फूटभर वर लावा आणि त्याला वेगळ्या आवाजाचा भोंगा द्या, म्हणजे पाणी किती वेगाने चढतंय ते अंथरुणातून समजेल. बॅटरी दर मे महिन्याच्या शेवटी तपासा.

पायचा उपयोग वेगळा आहे. पावसाळाभर जाहीर होणारी पातळी रोज त्यात नोंदवून ठेवा आणि शेजारी आपल्या गल्लीत पाणी कुठवर आलं ते लिहा. काही वर्षांत सोसायटीचा स्वतःचा तक्ता तयार होईल. बंधाऱ्यावर इतके फूट असताना आपल्या फाटकाशी किती, हे दुसरं कुणी सांगू शकत नाही.

गंगावेस

काका, हे सोन्यासारखं सांगितलंत. सोसायटीच्या बैठकीत हाच ठराव मांडतो.

रंकाळ्याकाठी

पुरात व्हीनस कॉर्नरला होडीतून गेलेली माणसं आहोत आपण. प्रत्येक सोसायटीने असा तक्ता ठेवला आणि एकत्र केला तर शहराचा नकाशा होईल. मी माझ्या भागाचं लिहून ठेवायला तयार आहे.

उद्यमनगरी

तो वेगळा धागा काढा, मीही येतो. आता पायच्या तब्येतीबद्दल बोलतो. कारण 'पाय दोन महिन्यांत गेला' म्हणणाऱ्या बहुतेकांच्या घरी कारण यांपैकीच एक असतं.

पहिलं वीज. पाय ३ ला अडीच, पाय ४ ला तीन आणि पाय ५ ला पाच अँपिअरचा ॲडॅप्टर सांगितलेला आहे. मोबाइलच्या चार्जरवर आकडा बरोबर असला तरी बारीक केबलमध्ये व्होल्टेज पडतं. स्क्रीनवर पिवळी वीज चमकली की समजायचं, बोर्ड उपाशी आहे. तो हळू होतो, डिस्क सुटते, कार्ड खराब होतं आणि आपण दोष लिनक्सला देतो.

दुसरं मेमरी कार्ड. सतत लिहून लिहून ते झिजतं, आणि लिहीत असताना वीज गेली की त्यावरची फाइल सिस्टिम मोडते. सीसीटीव्हीसाठी बनवलेली टिकाऊ कार्डं मिळतात, ती घ्या. पाय ४ किंवा ५ असेल तर सरळ यूएसबी एसएसडीवरूनच चालू करा. कार्डावर काहीच लिहायचं नसेल, उदाहरणार्थ नुसती गाणी वाजवायची असतील, तर सेटिंगमध्ये ओव्हरलेचा पर्याय आहे. तो चालू केला की कार्ड फक्त वाचलं जातं. मग खुशाल वायर उपटा.

तिसरं उष्णता. ८० अंशांना प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत ठेवाल तर तिथवर सहज जातो. आमच्याकडे यावर जालीम उपाय आहे. वर्कशॉपमध्ये ॲल्युमिनियमचा उरलेला तुकडा मिलिंगवर धरला आणि प्रोसेसरला टेकेल असा उंचवटा ठेवून केसच काढली. मध्ये थर्मल पॅड. पंखा नाही, आवाज नाही, धूळ नाही. उद्यमनगरात हे करून देणारे हात गल्लोगल्ली आहेत. बाहेरून मागवायची गरजच काय?

पुण्यात_अडकलेला

केसचा फोटो टाका! पुण्यात असं करून द्या म्हटलं की आधी ड्रॉइंग मागतात, मग किमान पन्नास नग.

उद्यमनगरी

पुढच्या फेरीला या, चहा पाजून हातात ठेवतो.

सूरपेटी

कॅसेटींवर अजून कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी सविस्तर लिहितो. माझ्या वडिलांचा संग्रह मी याच मार्गाने वाचवलाय आणि दुसरं काही करण्याआधी तुम्ही हे करावं असं मला कळकळीने वाटतं. फोटो पुन्हा कुठल्या तरी मोबाइलमध्ये सापडतील, आजोबांचा आवाज त्या एकाच फितीवर आहे.

पायला आवाज आत घ्यायची सोयच नाही, हे आधी लक्षात घ्या. पाय ४ पर्यंत जी गोल खाच आहे ती फक्त आवाज बाहेर देते आणि पाय ५ वर तीही काढून टाकलीय. म्हणून यूएसबी साउंड कार्ड लागतं. सगळ्यात स्वस्त बोंडासारखं मिळतं ते घेऊ नका. त्याला मोनो माइकची खाच असते, डावा-उजवा वेगळा राहत नाही. स्टिरिओ लाइन इन असं स्पष्ट लिहिलेलं घ्या. टेपडेकच्या लाइन आउटमधून केबल घ्या. हेडफोनच्या खाचेतून घेतलं तर आवाजाची मूठ फिरली की रेकॉर्डिंगची पातळी बदलते.

वाजवण्याआधी टेपचा हेड आणि रबरी चाक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कॅसेट अडकत असेल तर जबरदस्ती करू नका. पाच स्क्रूंची असेल तर उघडून फीत नव्या कवचात घालता येते. आजोबांची कॅसेट पहिल्यांदा लावू नका. आधी बाजारातली एखादी लावून सगळं जुळतंय ना बघा.

पायवर ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर चालतं. सीडीच्या दर्जाचं, फाइल न आवळता केलेलं रेकॉर्डिंग मिनिटाला साधारण १० एमबी जागा घेतं, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटला ६०० एमबी. फ्लॅक या प्रकारच्या फाइलमध्ये साठवलं तर आवाजाला धक्का न लागता जवळजवळ निम्म्यात बसतं. मूळ रेकॉर्डिंगमधली खरखर काढून टाकू नका. मूळ तसंच ठेवा आणि साफ केलेली प्रत वेगळी करा. खरखर काढताना तंबोऱ्याची आसही जाते.

आता ऐकण्याचं. ऐंशीच्या पुढच्या माणसाला मोबाइल ॲप देऊ नका. फोनीबॉक्स नावाचा मुक्त प्रकल्प आहे. आत चिप असलेलं आरएफआयडी कार्ड वाचकावर ठेवलं की त्या कार्डाला नेमून दिलेलं संगीत सुरू होतं. मी प्रत्येक कार्डावर गायकाचा फोटो आणि मोठ्या अक्षरात नाव चिकटवलंय. वडील कार्ड निवडतात, खोक्यावर ठेवतात, भजन सुरू. त्यांना ते यंत्र आहे असं वाटतच नाही, संग्रह आहे असंच वाटतं. आवाज कमी-जास्त करायला एक मोठी फिरती मूठ लावा.

नववी_गल्ली

सूरपेटी, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, कार्डावर आजोबांचा फेट्यातला फोटो लाव. आता दुसरं काही आधी होणार नाही.

एक शंका. सोल्डरिंग न येता हे जमेल?

सूरपेटी

जमेल. यूएसबीचा कार्ड वाचक घ्या, एकही वायर जोडावी लागत नाही. बटणं लावायची झाली तर टोकाला कनेक्टर असलेल्या तयार वायरी पिनांवर नुसत्या खोचायच्या. झीरो घेतलात तर पिना आधीच बसवलेला प्रकार मागा, नाहीतर मोकळी भोकं मिळतील.

शाहूपुरी_पाचवी

टीव्हीला जोडून पिक्चर बघायला कसा आहे?

पुण्यात_अडकलेला

घरातल्या फाइली वाजवायला चालतो, कोडी नावाचा प्लेअर टाका. पण त्यासाठी म्हणून घेऊ नका. पाय ५ मध्ये एच.२६४ या नेहमीच्या व्हिडिओ प्रकाराचं हार्डवेअर डीकोडिंगच काढून टाकलंय, ते काम प्रोसेसर करतो.

उद्यमनगरी

@नववी_गल्ली, तुमच्या मूळ प्रश्नाला धरून माझा हिशेब असा. पाय ४, चार जीबीचा, एक. त्याला एसएसडी. त्यावर बाबांचा संग्रह आणि घरातल्या मोबाइलचे फोटो. फोटोंसाठी सिंकथिंग हे मोबाइलमधल्या फाइली आपोआप उतरवून घेणारं ॲप पुरेसं आहे, चेहरे ओळखणारी भारी ॲप या रॅमवर धापा टाकतात. फिरती हार्डडिस्क थेट जोडू नका. पाय ४ च्या चारही यूएसबींना मिळून १.२ अँपिअरच मिळतात, ती फिरायला लागताना तेवढे एकटीच ओढू शकते. एसएसडी किंवा स्वतःची वीज असलेला हब वापरा. आणि सगळ्याची एक प्रत महिन्याला दुसऱ्या डिस्कवर काढून ती नातेवाइकाकडे, दुसऱ्या भागात ठेवा. आपल्या शहरात पुराचं पाणी कुठल्या घरात शिरेल सांगता येत नाही.

मुलीला वेगळा पिको. बाबांच्या गाण्याच्या यंत्रावर तिने प्रयोग केले तर दोघांचं भांडण तुम्हाला मिटवावं लागेल.

बाहेरगावाहून फोटो बघायचे झाले तर राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडत बसू नका. बऱ्याच घरगुती जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही, त्यामुळे ते चालतही नाही. बाहेरून घरच्या यंत्राशी सुरक्षित जोडणारं टेलस्केल टाका. आणि पहिल्याच दिवशी पासवर्ड नीट, लांब ठेवा.

पुण्यात_अडकलेला

फोटोंसाठी मी अजूनही छोटा पीसीच म्हणेन, पण कॅसेटींचं खोकं आणि फोटो एकत्र चालणार असतील तर या मांडणीला माझा विरोध नाही.

नववी_गल्ली

ठरलं. पाय ४, पिको आणि स्टिरिओ लाइन इनवालं साउंड कार्ड. टाकीला फ्लोट स्विच. सगळ्यांचे मनापासून आभार.

बांधावरचा

माझं पण एक विचारून घेतो, धागा चालू हाय तवर. आमचं गुऱ्हाळ हाय. गुळव्या जुना जाणता माणूस, पाण्यात पाक टाकून गोळी बघतोय आणि काहील उतरवतोय. त्येचा अंदाज चुकत न्हाई. पर त्येचं वय झालंय, पोरं शिकंनात. त्येनं काहील उतरवली तवा पाक किती अंशावर हुता हे दर खेपंला लिहून ठेवायचं हाय. कुठला सेन्सर लावू?

सर्किटवाले_काका

हे फार मोलाचं काम आहे, जरूर करा. गुळाचा पाक ११८ अंशांच्या आसपास उतरतो, काकवी त्याच्या बरीच आधी, १०५ च्या आगेमागे. डीएस१८बी२० हा सगळीकडे मिळणारा सेन्सर १२५ अंशांपर्यंतच आहे, त्याचा टोकाचा भाग वापरायला नको. स्टीलच्या नळीतला पीटी१०० सेन्सर घ्या आणि त्याचा आकडा वाचायला मॅक्स३१८६५ चा छोटा बोर्ड. के प्रकारचं थर्मोकपल स्वस्त पडतं, पण त्याची चूक दोन-तीन अंशांची असू शकते आणि तुमचा सगळा खेळच तेवढ्यात आहे.

लावण्याआधी उकळत्या पाण्यात बुडवून आकडा तपासा. पण शंभर धरू नका. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंचावर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं.

बांधावरचा

हे लई कामाचं सांगितलं काका. नळी काहिलीच्या तळाला टेकवू का वर ठेवू?

सर्किटवाले_काका

तळाला अजिबात नको, तिथे चुलवाणाची आच लागते आणि आकडा खोटा येतो. काठालाही नको. पाकाच्या मधोमध, तळापासून चार बोटं वर राहील अशी आडव्या पट्टीवरून सोडा, आणि ढवळणाऱ्याच्या फावड्यात येणार नाही तिकडची बाजू धरा. केबल टेफ्लॉनच्या आवरणाची घ्या, साधं प्लास्टिक वितळून गुळात पडेल. बोर्ड वाफेपासून लांब, भिंतीवर बंद डब्यात. आणि नोंदीत नुसतं तापमान नको, उसाची जात आणि तोडणीची तारीखही लिहा.

उद्यमनगरी

पट्टी आणि नळीचा होल्डर मी करून देतो, फूड ग्रेड स्टीलमध्ये. काहिलीचा व्यास आणि खोली मोजून इथेच टाका.